आचार्यमुष्टी आणि तीन दारे : धर्मानंद कोसंबींच्या ‘निवेदना’चे पुनर्वाचन

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी आनंदाला उद्देशून केलेले एक विधान आपल्या सभा-संमेलनांतून वारंवार सांगितले जाते. धम्म सांगताना आपण आतल्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी एक असा भेद केला नाही, तथागताजवळ आचार्यमुष्टी नाही, असा त्या विधानाचा आशय आहे. आचार्यमुष्टी म्हणजे गुरूने आवळून धरलेली मूठ. शिष्याकडून वर्षानुवर्षे सेवा घेऊनही जे अखेरच्या घटकेपर्यंत झाकून ठेवायचे आणि मर्जीतल्या एखाद्याच्याच कानात सांगायचे, ते त्या मुठीत असते. ज्या देशात विद्या ही जन्माने ठरणारी मिरास होती त्या देशात अडीच हजार वर्षांपूर्वी ही मूठ उघडली गेली, याचे महत्त्व प्रस्तुत नियतकालिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु या विधानाचा आपण बहुधा अर्धाच अर्थ घेतो. काही लपवून ठेवले नाही, एवढेच आपण ऐकतो. मूठ उघडली तरी तो हात असतो आणि तो कोणापुढे तरी केलेला असतो, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

सिगालोवाद सुत्त या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावे. तेथे शिष्यासंबंधी आचार्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शिष्याला चांगले वळण लावावे. जे शिकवायचे ते त्याच्याकडून नीट ग्रहण करवून घ्यावे. सर्व विद्या काही राखून न ठेवता सांगावी. आपल्या मित्रमंडळीत त्याचे गुण सांगावेत. आणि सर्व दिशांना त्याचे रक्षण होईल अशी तजवीज करावी. आज ज्याला आपण ज्ञानाचा खुला प्रवेश म्हणतो तो या पाचांपैकी एकट्या तिसऱ्या कर्तव्यात सामावतो. उरलेली चार कर्तव्ये ग्रंथाने पार पडत नाहीत. त्यांना माणूस लागतो.

हा विचार तपासून पाहण्यासाठी मराठीत एक पुस्तक आहे आणि ते आपल्याकडे वाचले जाते त्याहून अधिक काळजीपूर्वक वाचले जाणे अगत्याचे आहे. धर्मानंद दामोदर कोसंबी यांचे ‘निवेदन’ १९२४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्याच्याकडे सामान्यतः प्रवासवर्णन म्हणून किंवा एका विरक्त पुरुषाची जीवनकथा म्हणून पाहिले जाते. दोन्ही दृष्टी चुकीच्या नाहीत. पण दोन्हींत पुस्तकाचा कणा निसटतो. एका माणसाला जे शिकावयाचे होते ते शिकविणारी शाळा त्याच्या प्रदेशात नव्हती, ग्रंथ त्याच्या लिपीत नव्हते आणि तरी तो शिकला, ही या पुस्तकाची खरी हकीकत आहे. शिक्षण कोणाला मिळते, कोणाकडून मिळते आणि त्याचे मोल कोण चुकवितो, या तीन प्रश्नांचा साक्षीपुरावा म्हणून येथे त्याचा विचार करावयाचा आहे.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण जेमतेम, लहान वयात लग्न, नारळीच्या बागांची व्यवस्था आणि त्यात न लागणारे मन, असे त्यांचे तारुण्य गेले. बुद्धाची पहिली ओळख झाली ती ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील एका लेखातून. हे मासिक ख्रिस्ती मिशनऱ्यांनी चालविलेले होते, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. ज्या भूमीत अजिंठा, कार्ले, कान्हेरी आणि नाशिकची लेणी उभी आहेत त्या भूमीतील एका मराठी तरुणाला बुद्ध कळण्यासाठी परधर्मीयांच्या बालमासिकाची वाट पाहावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बौद्ध विद्येची महाराष्ट्रात काय अवस्था होती, हे सांगण्यास एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

१८९९ साली कोसंबी घराबाहेर पडले. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. ग्वाल्हेरमार्गे ते काशीस पोहोचले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकू लागले. नेपाळात बौद्ध धर्म जिवंत असेल या आशेने १९०२ साली तिकडे गेले. तेथील स्थिती पाहून निराश झाले. बुद्धगयेस गेले, कलकत्त्यास आले आणि अखेर सिलोन गाठले. या मजलांचे वर्णन कोसंबी ज्या भाषेत करतात ती भाषा विशेष लक्ष देण्याजोगी आहे. उपासमार, आजार आणि अपमान यांची नोंद ते हिशेबाच्या वहीत रकमा मांडाव्यात तशी करतात. कणव मागत नाहीत आणि पराक्रमही मिरवीत नाहीत. काही ठिकाणी हा कोरडेपणा वाचकाला जड जातो. गावांची व माणसांची नावे एकामागून एक येत राहतात आणि कोण कोठे भेटले हे ध्यानात ठेवणे कठीण होते. तरीही हा कोरडेपणा प्रामाणिकपणातून आलेला आहे आणि त्या काळातील आत्मचरित्रांत तो दुर्मीळ आहे.

या संपूर्ण भटकंतीमागे जे कारण होते त्याला आपण पहिले दार म्हणू. ते ग्रंथाचे दार. पाली तिपिटक त्या वेळी सिंहली, ब्रह्मी, सयामी अशा लिप्यांत होते. १८८१ साली ऱ्हिस डेव्हिड्स यांनी स्थापन केलेली पाली टेक्स्ट सोसायटी ते रोमन लिपीत छापीत होती. ज्या भूमीत हे वचन उच्चारले गेले तिच्या नागरी लिपीत मात्र ते जवळजवळ नव्हते. पाली वाचावयाचे तर कोसंबींना आधी सिंहली आणि मग ब्रह्मी अक्षरे गिरवावी लागली. भाषा येण्यापूर्वी अक्षरासाठी समुद्र ओलांडावा लागला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कोलंबोतील विद्योदय परिवेणात दुसरे दार उघडले. हिक्कडुवे श्री सुमंगल महास्थविर यांनी १८७३ साली स्थापन केलेली ही संस्था प्राचीन परंपरेची विद्यापीठच होती. महास्थविरांचे वय त्या वेळी पंचाहत्तरीच्या घरात होते आणि त्यांची कीर्ती युरोपातील पंडितांपर्यंत पोहोचलेली होती. हातात काही नसलेला, दूरदेशीचा, पालीचा गंध नसलेला एक तरुण त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. त्याच्याजवळ परीक्षेचे प्रमाणपत्र नव्हते, शुल्क नव्हते, कोणा संस्थानिकाचे शिफारसपत्र नव्हते. त्यांनी त्याला ठेवून घेतले, श्रामणेर केले आणि शिकविले. विनयपिटकात आचार्याने अंतेवासिकाकडे पुत्रभावाने पाहावे आणि अंतेवासिकाने आचार्याकडे पितृभावाने पाहावे असे सांगितले आहे. तो नियम या काळापर्यंत विद्योदयात केवळ पाठांतरापुरता राहिला नव्हता, हे ‘निवेदना’वरून दिसते. पुढे प्रकृतीला तेथील आहार मानवेना म्हणून कोसंबी मद्रासेस आले; तेथे ‘द इसेन्स ऑफ बुद्धिझम’ या ग्रंथाचे भावी कर्ते प्रा. पी. लक्ष्मी नरसू यांच्याशी त्यांचा परिचय झाला. याच ग्रंथाच्या १९४८ सालच्या आवृत्तीला बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली. त्यानंतर ब्रह्मदेशात कोसंबींना उपसंपदा मिळाली आणि विहारांत राहून त्यांनी ध्यानाचा व ग्रंथांचा अभ्यास केला.

येथे एका लोकप्रिय समजुतीविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. बौद्ध शिक्षणपरंपरा म्हटली की आपण ताबडतोब नालंदेचे नाव घेतो आणि तेथे सर्वांना मुक्तद्वार होते असे गृहीत धरतो. ह्युएन्‌त्संगाचा वृत्तान्त तसे सांगत नाही. नालंदेच्या दारावर पंडित बसत, येणाऱ्याची वादात परीक्षा घेत, आणि दहांपैकी सात-आठ जणांना तेथूनच परत जावे लागे, असे तो लिहितो. नालंदा महान होती. परंतु ती आधीच शिकून आलेल्यांसाठी होती. न शिकलेल्याला आत घेऊन शिकविणारी परंपरा शोधावयाची असेल तर ती महाविहाराच्या दारापेक्षा गावोगावच्या लहान विहारांत, आचार्य आणि अंतेवासिक यांच्या रोजच्या सहवासात सापडते. कोसंबींना ज्याने घडविले ते हेच.

आता विद्यापीठाकडे वळू. १९०६ साली कोसंबी कलकत्त्याच्या राष्ट्रीय विद्यालयात पाली शिकवू लागले आणि त्यानंतर कलकत्ता विद्यापीठात. परंतु महाराष्ट्रात हा विषय रुजावा ही त्यांची इच्छा होती. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा कलकत्त्यातील कितीतरी अधिक वेतनाची शक्यता सोडून ते इकडे आले. पुढे १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले. पु. वि. बापट हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक. विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग यांचा तौलनिक अभ्यास करणारे आणि बुद्धजयंतीच्या वर्षी, १९५६ साली, ‘२५०० इयर्स ऑफ बुद्धिझम’ या ग्रंथाचे संपादन करणारे तेच हे बापट. मुंबई विद्यापीठाच्या देवनागरी पाली ग्रंथमालेत ना. के. भागवत आणि रं. द. वाडेकर यांच्यासारख्या अध्यापकांनी मूळ ग्रंथ नागरीत आणले. एका माणसाने सिलोनातून आणलेली अक्षरे तीस वर्षांत मराठी महाविद्यालयांच्या बाकांपर्यंत पोहोचली, ही घटना लहान नाही. वर्गातील एक अध्यापक काय करू शकतो याचे याहून चांगले उदाहरण महाराष्ट्राच्या विद्यापीठीय इतिहासात शोधावे लागेल.

याच कालखंडातील दुसरी घटना मात्र विद्यापीठांचे वेगळे रूप दाखविते. प्रा. जेम्स वुड्स यांच्या प्रयत्नाने १९१० साली कोसंबी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. हेन्री क्लार्क वॉरन हे अभ्यासक बुद्धघोषाचार्यांच्या विसुद्धिमग्गाचे संपादन अपुरे ठेवून १८९९ साली निवर्तले होते. ते काम पुरे करण्याची जबाबदारी प्रा. चार्ल्स लानमन यांच्या देखरेखीखाली कोसंबींवर आली. काम झाले, परंतु ग्रंथावर संपादक म्हणून कोणाचे नाव कशा प्रकारे यावे यावरून लानमन आणि कोसंबी यांच्यात तीव्र मतभेद झाले आणि १९१२ साली कोसंबी परत आले. त्यानंतरही ते या कामासाठी पुन्हा पुन्हा हार्वर्डला गेले. पाली टेक्स्ट सोसायटीने १९२०-२१ मध्ये विसुद्धिमग्ग स्वतंत्रपणे रोमन लिपीत छापला. हार्वर्ड ओरिएंटल सिरीजमधील आवृत्ती मात्र १९५० साली बाहेर आली. तिच्या मुखपृष्ठावर वॉरन संपादक आहेत आणि कोसंबी संस्कर्ते. ते छापील पान पाहण्यास कोसंबी हयात नव्हते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले होते.

आचार्यमुष्टी आधुनिक विद्यापीठात कोणत्या रूपाने वावरते, हे या चाळीस वर्षांनी दाखविले आहे. येथे मंत्र कानात सांगितला जात नाही. परंतु हस्तलिखित कपाटात राहते, श्रेय वाटले जात नाही, आणि ज्याच्या परिश्रमाने ग्रंथ सिद्ध झाला तो त्याच्या प्रकाशनाचा धनी नसतो. लानमन हे थोर संस्कृतज्ञ होते आणि वॉरन यांच्याविषयी त्यांची निष्ठा खरी होती, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की दिवंगत मित्राच्या स्मृतीसाठी त्यांनी जिवंत सहकाऱ्याचे ऋण कमी लेखले. कोसंबींनी या अनुभवाला जे उत्तर दिले ते कोणत्याही वादविवादापेक्षा मोलाचे आहे. १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांची विसुद्धिमग्गाची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. हार्वर्डच्या प्रतीआधी दहा वर्षे हा ग्रंथ नागरी वाचणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याच्या हाती आला. अभिधम्मत्थसंगहावर त्यांनी ‘नवनीत’ नावाची पालीतील टीका लिहिली, तीही नवशिक्याचा हात धरण्यासाठी. गुरू जवळ नसलेल्या शिष्याची अडचण कोठे येईल, हे स्वतः मैलोगणती चाललेल्या माणसालाच ठाऊक असणार.

एवढी प्रशंसा केल्यानंतर ‘निवेदना’तील एका उणिवेकडे वळणे भाग आहे. आम्हा वाचकांच्या दृष्टीने ती गंभीर आहे. या पुस्तकात तिसऱ्या दाराचा उल्लेख जवळजवळ येत नाही, कारण लेखकासाठी ते दार उघडे होते. ते जन्माचे दार. कोसंबी गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबातील होते. काशीच्या शास्त्र्यांपुढे संस्कृत शिकण्यास बसता आले, अन्नछत्राच्या पंक्तीत पान मिळाले, पुण्यात प्रतिष्ठितांच्या घरी जाता आले. त्यांत अडचणी आल्या नाहीत असे नव्हे. परंतु अडचणी आल्या त्या आत गेल्यानंतर. ज्याला उंबऱ्याशीच थांबविले जाते त्याची अडचण वेगळ्या जातीची असते. याच काळात मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला संस्कृत शिकण्याची इच्छा असून पर्शियन घ्यावे लागले. कोसंबी विद्योदयातून आणि ब्रह्मदेशातून पाली घेऊन परतत होते त्या वर्षांतच ही घटना घडत होती, हे लक्षात घेतले म्हणजे ‘निवेदना’तील मौनाचे वजन कळते.

या दोन चरित्रांत विलक्षण समांतर रेषाही आहेत. कोसंबींच्या हाती ‘बालबोधमेवा’ आला. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या हाती कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. केळुसकर हे शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या मुलाची त्यांनी विचारपूस केली, त्याला पुस्तके दिली आणि पुढे सयाजीरावांकडे त्याची शिफारस केली. सिगालोवाद सुत्तातील चौथे आणि पाचवे कर्तव्य याहून वेगळे काय आहे? आणि बडोद्याच्या त्याच राजाने एकाला ग्रंथलेखनासाठी आणि दुसऱ्याला प्रथम महाविद्यालयीन शिक्षणासाठी व नंतर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी साहाय्य केले. कोलंबियात जॉन ड्यूई, एडविन सेलिग्मन, जेम्स शॉटवेल, जेम्स हार्वे रॉबिन्सन या प्राध्यापकांचे ऋण बाबासाहेबांनी १९३० साली लिहून कृतज्ञतेने मान्य केले आहे. येथे मात्र समांतर रेषा संपते. परदेशातील वर्गात समतेने वागविला गेलेला हा विद्यार्थी १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाला, तेव्हा त्याची व्याख्याने ऐकण्यास इतर महाविद्यालयांतील विद्यार्थी येऊन बसत. आणि अध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्याने शिवू नये असे त्याच्याच काही सहकाऱ्यांना वाटत होते. वर्गाचे दार उघडे आणि पाण्याचे भांडे बंद, ही अवस्था कोसंबींच्या अनुभवकक्षेबाहेरची होती.

कोसंबींना याची जाणीव पुढे झाली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबईच्या कामगारवस्तीत, परळ येथे, १९३७ च्या सुमारास त्यांनी ‘बहुजन विहार’ उभारला. विद्यापीठाच्या वर्गात जे येऊ शकत नाहीत त्यांच्यापर्यंत वर्ग नेला पाहिजे, हे या नावातच आहे. ‘निवेदन’ त्यापूर्वीचे आहे. त्यामुळे त्यात ही दृष्टी शोधणे काळाच्या उलट जाणे ठरेल, असा युक्तिवाद करता येईल. तो काही अंशी मान्य आहे. परंतु एका बाबतीत तो टिकत नाही. घर सोडताना मागे राहिलेली पत्नी बाळाबाई आणि लहान मुलगी यांची सहा-सात वर्षे कशी गेली, याविषयी पुस्तक फार थोडे सांगते. ज्ञानासाठी पायपीट करणाऱ्याचे चरित्र लिहिले जाते. त्या पायपिटीचा खर्च घरी बसून भागविणारीचे लिहिले जात नाही. आमच्या वस्त्यांतून शिकून मोठ्या झालेल्या कित्येकांच्या मागे अशीच एक आई, बहीण किंवा पत्नी उभी आहे. म्हणून हे मौन आम्हाला अधिक जाणवते.

तिन्ही दारांचा एकत्र विचार कोणी केला असेल तर तो बाबासाहेबांनी. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्यांना सोयीचे व्हावे म्हणून तेथे सकाळी वर्ग भरत. १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय निघाले. पुढे त्याला ‘मिलिंद’ हे नाव मिळाले. या नावाचा विचार आपण पुरेसा करीत नाही. मिलिंदपञ्हात राजा मिलिंद संवादाची इच्छा प्रकट करतो, तेव्हा भदंत नागसेन अट घालतात : पंडितांप्रमाणे बोलणार असाल तर बोलू, राजाप्रमाणे बोलणार असाल तर नाही. पंडितांच्या वादात एकाचे खंडन होते, चूक दाखविली जाते, आणि त्यावरून कोणी रागावत नाही. राजे मात्र विरोध करणाऱ्याला दंड करतात. महाविद्यालयाला आचार्याचे नाव न देता प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले गेले. विद्यापीठीय अध्यापनाची याहून नेमकी व्याख्या मला आढळलेली नाही. बाबासाहेब स्वतः उतारवयात पालीचे व्याकरण आणि शब्दकोश सिद्ध करीत बसले होते. १९९८ साली शासनाच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात ते प्रसिद्ध झाले. त्यांना पालीसाठी विद्योदय लाभले नाही. आपल्यामागून येणाऱ्यांसाठी त्यांनी साधने तयार केली.

आज पहिले दार सताड उघडे आहे, यात संशय नाही. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या प्रधान संपादकत्वाखाली नवनालंदा महाविहाराची ४१ खंडांची देवनागरी तिपिटक आवृत्ती १९५६ ते १९६१ या काळात पूर्ण झाली. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छठ्ठ संगायनाच्या पाठावर आधारित संपूर्ण वाङ्मय १९९७ साली तबकडीवर आणि नंतर संकेतस्थळावर विनामूल्य दिले. नागरीसह अनेक लिप्यांत ते क्षणार्धात पाहता येते. ज्या अक्षरांसाठी कोसंबी कोलंबो आणि रंगूनला गेले ती आज खेड्यातील मुलीच्या भ्रमणध्वनीत आहेत. बाबासाहेबांचे समग्र लेखन-भाषण १९७९ पासून शासनाने खंडशः प्रसिद्ध केले. ते छापील रूपात मिळेनासे झाले तेव्हा २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने रखडलेल्या छपाईची स्वतःहून दखल घेतली. संगणकावर मात्र हे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून कोणालाही मोफत उतरवून घेता येतात.

दुसऱ्या दाराची स्थिती अशी नाही. २०१३ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाने मुख्य परीक्षेच्या वैकल्पिक विषयांतून पाली वगळली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. पहिल्या निर्णयाने विद्यार्थी कमी झाले असतील, दुसऱ्याने उत्सव झाले. परंतु या दोहोंच्या मधल्या काळात पाली शिकविणारा अध्यापक किती ठिकाणी तासिका तत्त्वावर, पुढच्या वर्षी आपण असू की नाही या चिंतेत, दोन-तीन महाविद्यालयांतून धावपळ करीत शिकवीत राहिला, याची चर्चा आपल्या मेळाव्यांतून होत नाही. ज्याची स्वतःची दिशा सुरक्षित नाही त्याने शिष्याचे सर्व दिशांना रक्षण कसे करावे?

याचा दोष केवळ शासनाकडे ढकलणे सोपे आहे. आपल्या विहारांतून वर्षावासात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, दिवसभराचे काम आटोपून आलेल्या स्त्री-पुरुषांसमोर कोणीतरी उभे राहून पाने वाचते. प्रवेशपरीक्षा नाही, शुल्क नाही, वयाची अट नाही. जगात मुक्त विद्यापीठाच्या कल्पनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. हे त्याचे आपण घडविलेले रूप आहे आणि त्याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. तथापि अनेक ठिकाणी वाचन संपते, वंदना होते आणि लोक उठतात. मिलिंदासारखा प्रश्न कोणी विचारीत नाही. विचारला तर श्रद्धेत उणे आले असे मानले जाते. बाबासाहेबांनी त्या ग्रंथात चार दृश्यांची कथा का नाकारली, रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा का पुढे आणला, कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’मध्ये हीच दिशा कशी घेतली होती आणि दोघांच्या मांडणीत फरक कोठे आहे, हा एकच प्रश्न घेतला तरी संपूर्ण वर्षावास पुरेल. तो प्रश्न मांडून ठेवणारा आणि उत्तराची घाई न करणारा शिक्षक मात्र तेथे हवा.

अखेर ‘निवेदना’च्या आवृत्तीविषयी. मीरा कोसंबी यांनी २०११ साली या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. इंग्रजी वाचकाची त्यामुळे चांगली सोय झाली. मराठीत मात्र हे पुस्तक विद्यार्थ्याच्या हाती द्यावयाचे तर त्याला नवी, सटीप आवृत्ती हवी. तीत प्रवासाचा नकाशा असावा. व्यक्तींची सूची असावी. सुमंगल महास्थविर, नरसू, वुड्स, लानमन हे कोण होते हे दोन-दोन ओळींत सांगितलेले असावे. पाली संज्ञांचा अर्थ पानाच्या तळाशी मिळावा, शेवटी शोधावा लागू नये. १९४० आणि १९५० या दोन्ही विसुद्धिमग्गांची मुखपृष्ठे समोरासमोर छापावीत. बाळाबाईंविषयी कुटुंबातील लेखनातून जे कळते ते परिशिष्टात द्यावे. आणि फर्ग्युसनच्या त्या सहा वर्षांत वर्गात प्रत्यक्ष काय घडत असे, कोसंबी पहिल्या दिवशी कोणता पाठ घेत, विद्यार्थी चुकला तर काय करीत, याविषयी त्यांच्या विद्यार्थ्यांनी जे लिहून ठेवले असेल ते गोळा करावे. मूळ पुस्तकात नेमका तोच वर्ग दिसत नाही.